गेल सॉन्डरगार्डची कोरी वीस वर्षं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गेल सॉन्डरगार्ड या जुन्या हॉलिवूड अभिनेत्रीची चित्रपटसूची तुम्ही चाळलीत. पहिल्याच चित्रपटाला ऑस्कर, मग तेरा वर्षं भरपूर काम, १९४९ ला एक नोंद आणि तिथून एकदम १९६९. तुम्ही म्हणता, १९५१ मध्ये तिला कम्युनिस्टांच्या चौकशीला बोलावलं आणि काळ्या यादीत टाकलं, म्हणून हे झालं. तुमचा मित्र म्हणतो, "पन्नाशीच्या नटीला तसंही कोण काम देतं? यादी नसती तरी हेच झालं असतं." दोघांत खरं कोणाचं, हे ठरवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता आपल्याकडे असं कधी झालं का, हेही विचारलंय.

मित्राचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. चाळिशी ओलांडली की नटीची कामं आटतात, तिकडेही आणि आपल्याकडेही, आणि त्यासाठी कुठल्या समितीची गरज लागत नाही. शिवाय ही यादी अशी की तिचा कागद कुणालाच दाखवता येत नाही. मी पंचवीस वर्षं चित्रपटाचा इतिहास शिकवते आहे. "यादीमुळे कारकीर्द संपली" हे वाक्य मी विद्यार्थ्यांना सहजासहजी लिहू देत नाही, कारण एकदा मी स्वतःच त्यात तोंडघशी पडले आहे. एका नटीच्या मोकळ्या सहा वर्षांचं खापर मी भर व्याख्यानात यादीवर फोडलं. नंतर नीट वाचल्यावर कळलं की बाई संसार करत होती, मुलं वाढवत होती आणि चौकशीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. गेलच्या बाबतीत मात्र माझ्या मते तुमचं बरोबर आहे. तुम्ही धरलेलं साल तेवढं चुकलंय.

अशा वेळी मी चौकटीचा कागद घेते. डावीकडे सालं, शेजारी त्या सालातले चित्रपट, त्याच्या शेजारी वय आणि शेवटच्या रकान्यात घराबाहेर काय चाललं होतं ते. संगणकावरही करता येतं, पण हाताने रिकामे चौकोन आखत गेलं की ते डोळ्यांत जास्त खुपतात.

तिचा जन्म १८९९ चा, मिनेसोटा राज्यातल्या डॅनिश वंशाच्या घरातला. रंगभूमीवर बरीच वर्षं काढून ती १९३६ मध्ये 'अँथनी अ‍ॅडव्हर्स'मधून पडद्यावर आली. तेव्हा तिचं वय ३७. मित्राला हा आकडा आधी दाखवा. ज्या वयात नायिकांना आईच्या भूमिकांकडे ढकलतात, त्या वयात या बाईने सुरुवात केली आणि सहायक अभिनेत्रीचं पहिलंवहिलं ऑस्कर घेऊन गेली. (त्या काळी सहायक नटांना तो सोनेरी पुतळा मिळत नसे, एक पाटी हातात ठेवत.) तिची कमाई तारुण्यावर नव्हतीच. टोकदार चेहरा, स्थिर डोळे आणि ओठांच्या कोपऱ्यात मावणारं, समोरच्याला अस्वस्थ करणारं हसू, हे तिचं भांडवल. वयाने ते वाढणारं होतं. 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधली चेटकीण आधी तिलाच दिली होती. चेटकीण देखणी न ठेवता कुरूप करायची असं ठरल्यावर तिने काम सोडलं. म्हणजे नको ते काम नाकारण्याइतकी तिची पत होती.

आता चाळिशीनंतरचे रकाने बघा. १९४६ मध्ये तिचे चार चित्रपट आले. त्यांतल्या 'अ‍ॅना अँड द किंग ऑफ सियाम'साठी वयाच्या ४७ व्या वर्षी दुसरं ऑस्कर नामांकन मिळालं. १९४७ मध्ये दोन चित्रपट. १९४८ कोरं. १९४९ मध्ये 'ईस्ट साइड, वेस्ट साइड' हा एक, आणि त्यात ती बार्बरा स्टॅनविकची आई झाली होती. स्टॅनविक तिच्याहून जेमतेम आठ वर्षांनी लहान! इथे मित्राला एक गुण देऊन टाका. वयाचा काच होता, तो असा भूमिकांच्या जातीत दिसतो. पण आईची का होईना, भूमिका तरी मिळत होती. १९५० पासून तीही नाही.

हा वयाचाच परिणाम असेल, तर तिच्या पिढीच्या आणि तिच्याच धाटणीच्या इतर बायकांच्या तक्त्यातही तशीच पोकळी दिसायला हवी. ॲग्नेस मूरहेड, जन्म १९००. ती पन्नासच्या दशकात सतत पडद्यावर आहे, १९६४ मध्ये तिला चौथं ऑस्कर नामांकन मिळालं आणि त्याच साली 'बिविच्ड' ही तिची गाजलेली दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. ज्युडिथ अँडरसन, जन्म १८९७. 'द टेन कमांडमेंट्स' १९५६, 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' १९५८. ग्लॅडिस कूपर तर १८८८ ची आणि 'माय फेअर लेडी'साठी पंचाहत्तरी ओलांडल्यावर तिचं नामांकन झालं. करड्या, धारदार, घराण्याचा तोरा मिरवणाऱ्या बायकांना त्या काळात मागणी होती.

आता ॲन रिव्हिअर घ्या. जन्म १९०३, 'नॅशनल व्हेल्व्हेट'मधल्या आईच्या भूमिकेसाठी ऑस्कर, एकूण तीन नामांकनं. तिलाही १९५१ मध्ये समितीपुढे बोलावलं आणि तिनेही उत्तरं द्यायला नकार दिला. तिच्या सूचीत १९५१ नंतर थेट १९७०. वय आणि धाटणी सारखी असलेल्या या पाच जणींतल्या ज्या दोघींना बोलावणं गेलं, नेमक्या त्यांचीच दोन-दोन दशकं कोरी आहेत. पाच माणसांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, पण "पन्नाशी आली म्हणून" हे उत्तर पुरत नाही एवढं यातून नक्की दिसतं.

आता सालाचा मुद्दा. १९४८ चा रिकामा चौकोन बोलावण्याच्या तीन वर्षं आधीचा आहे. त्याचं कारण शेवटच्या रकान्यात सापडतं. गेलचा नवरा हर्बर्ट बीबरमन दिग्दर्शक होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे तो उभा राहिला आणि तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नाही. हॉलिवूड टेन म्हणून ओळखल्या गेलेल्या दहा जणांतला तो एक. नोव्हेंबरात संसदेने या दहांवर अवमानाचा ठपका ठेवला, आणि लगोलग बड्या स्टुडिओंच्या मालकांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात बसून जाहीर केलं की या दहांना आम्ही काम देणार नाही आणि जाणूनबुजून कुठल्याही कम्युनिस्टाला कामावर ठेवणार नाही. बीबरमनने १९५० मध्ये सहा महिन्यांची शिक्षा भोगली. म्हणून मी पोकळीची सुरुवात १९४७ च्या हिवाळ्यात धरते. बायकोचं नाव अजून कुठेच नव्हतं, पण घर तेच होतं.

इथे मला एक गोष्ट दर वेळी अस्वस्थ करते. १९३७ च्या 'द लाइफ ऑफ एमिल झोला'मध्ये गेलने ल्युसी ड्रायफसची भूमिका केली होती. देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली ज्याला बेटावर डांबलं, त्या फ्रेंच अधिकाऱ्याची बायको. नवऱ्याची कागदपत्रं घेऊन ती कादंबरीकार झोलाच्या दारी जाते आणि आता तुम्हीच काहीतरी करा म्हणते. दहा वर्षांनी गेललाही नवऱ्याच्या पाठीशी असंच उभं राहावं लागलं, आणि पुढे स्वतःसाठीही कुणाच्या तरी दारी जावं लागलं.

त्या दारातून काय उत्तर आलं ते ऐका. मार्च १९५१ मध्ये समन्स मिळाल्यावर तिने स्वतःच्याच कलाकार संघटनेला, स्क्रीन ॲक्टर्स गिल्डला, जाहीर पत्र लिहिलं. जबानी न देणाऱ्या सभासदांना काळ्या यादीपासून वाचवा, एवढंच मागणं. गिल्डचा अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन होता. गिल्डच्या उत्तराचा मतितार्थ असा, की गुप्त यादीला आमचा विरोध आहे, पण एखाद्या कलाकाराने स्वतःच्या वागण्याने लोकमत दुखावून तिकीटबारीवरची आपली किंमत घालवली असेल, तर त्याला काम द्या असं आम्ही मालकांना सांगणार नाही. म्हणजे यादी वाईट आहे, पण तुझ्या बाबतीत ती यादी नाही, बाजार आहे! तुमचा मित्र आज जे म्हणतोय तेच तेव्हा मालकही म्हणत होते, हे त्याला जरूर सांगा. रागावणार नसेल तर.

समितीपुढे तिने घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला, म्हणजे स्वतःला गोवणारं उत्तर न देण्याचा हक्क. "काही लपवायचं नव्हतं तर बोलली का नाही?" असं विद्यार्थी हमखास विचारतात. पेच असा होता की स्वतःबद्दल एकदा तोंड उघडलं की इतरांबद्दल गप्प राहता येत नसे. सभेला आणखी कोण होतं, वर्गणी कोणी गोळा केली, नावं सांगा. गप्प राहण्यासाठी भाषणस्वातंत्र्याचा आधार घ्यावा, तर तिच्या नवऱ्यासारखा तुरुंग. पाचवी दुरुस्ती वापरली की तुरुंग टळे आणि काम जाई. तीस-चाळीसच्या दशकात त्या पक्षाचं सभासद असणं हा अमेरिकेत गुन्हाही नव्हता.

"काळी यादी" या शब्दाने आपली जरा दिशाभूल होते. आपल्याकडचा "वाळीत टाकणं" हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. वाळीत टाकलेल्याला कुणी नोटीस देत नाही. दुकानदार म्हणतो माल संपला, शेजारीण म्हणते आज वेळ नाही, लग्नाची पत्रिका येता येता राहते. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि पटण्यासारखं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तरी "आम्ही कुठे काय केलं?" या उत्तरापुढे पुरावा गोळा करणं सोपं नसतं. हॉलिवूडमध्येही "तुमची उंची जुळत नाही", "वेगळा चेहरा हवाय" अशीच उत्तरं मिळत.

छापील यादी अजिबात नव्हती असंही नाही. जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' नावाची पुस्तिका निघाली, तिच्यात रेडिओ आणि दूरचित्रवाणीशी संबंधित १५१ जणांची नावं आणि त्यांनी कुठल्या सभेला हजेरी लावली, कुठल्या पत्रकावर सही केली याच्या नोंदी होत्या. तिचा पहिला मोठा फटका बसला तोही एका नटीला. जीन म्यूरला एका मालिकेत आईची भूमिका मिळाली होती. काही थोड्या लोकांनी तक्रारीचे फोन केले, प्रायोजक खाद्यकंपनी बिचकली आणि कराराचे पैसे हातावर ठेवून तिला काढून टाकलं. पुढे सिराक्यूज शहरातला किराणा दुकानांचा मालक लॉरेन्स जॉन्सन याने तर कंपन्यांना धमक्याच दिल्या, की तुमच्या कार्यक्रमात अमका नट दिसला तर माझ्या दुकानात तुमच्या मालाशेजारी फलक लावून गिऱ्हाइकांनाच विचारतो, हे तुम्हाला चालतं का! एका किराणा दुकानदाराने न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपन्यांना घाम फोडला.

नावं पुसून देण्याचाही धंदा झाला. किम हंटरला 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'साठी ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर थोड्याच काळात तिची चित्रपटांची कामं थांबली. दोष काय, तर शांतता परिषदेसारख्या उपक्रमांना नाव दिलं. तिचं नाव तपासून द्यायला यादीवाल्यांपैकी एकाने २०० डॉलर मागितले होते. हे सगळं १९६२ च्या एका खटल्यात तिने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं. जॉन हेन्री फॉक या रेडिओ कलाकाराने यादीवाल्यांवर भरलेला तो खटला. तो जिंकल्यावर या धंद्याचा कणा मोडला.

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या प्रश्नाच्या पोटातला मुद्दा. यादीचा फटका नटीला लेखकापेक्षा वेगळा बसला. दहांतलाच एक, पटकथाकार डाल्टन ट्रम्बो, टोपणनावाने लिहीत राहिला. १९५७ च्या समारंभात 'द ब्रेव्ह वन'च्या कथेचं ऑस्कर "रॉबर्ट रिच"ला मिळालं, तो रिच म्हणजे हाच. पैसे कमी, अपमान भरपूर, पण हात चालू राहिला. नटीला टोपणनाव घेऊन काय उपयोग? तिचा चेहरा हीच तिची सही. दुसरं म्हणजे वेळ. लेखकाच्या कपाटातलं हस्तलिखित दहा वर्षांनी बाहेर काढता येतं. पस्तिसाव्या वर्षी जी भूमिका करायची ती सत्तेचाळिसाव्या वर्षी करता येत नाही.

ली ग्रँटचं उदाहरण म्हणूनच मला सगळ्यांत कठोर वाटतं. 'डिटेक्टिव्ह स्टोरी' हा पहिलाच चित्रपट, १९५१ चा. ऑस्कर नामांकन, कानच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. मग जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग या नटाच्या शोकसभेत ती बोलली, की त्याचं हृदय कमकुवत असताना समितीच्या छळाने त्याचा जीव घेतला. तिचंही नाव यादीत गेलं. नवरा पटकथाकार, त्याच्याविरुद्ध साक्ष दे म्हणून दबाव आला, ती बधली नाही. विशीच्या मध्यापासून छत्तिशीपर्यंतची सुमारे बारा वर्षं गेली, म्हणजे नायिकेची सगळी. परतल्यावर ती वय लपवत राहिली. तिच्याविषयी वाचताना मी पुस्तक मिटलं ते पुढच्या तपशिलावर: चुकून कुणाचं नाव तोंडातून जाऊ नये म्हणून नावं विसरायची सवय तिने मनाला इतकी लावली, की पुढे तिला माणसांची नावं आठवेनात आणि रंगमंचावर वाक्य विसरण्याची धास्ती बसली. १९७५ च्या 'शॅम्पू'साठी तिने ऑस्कर मिळवलं, नंतर माहितीपट दिग्दर्शित केले. म्हणून काहीजण म्हणतात, झालं ना शेवटी सगळं नीट? तिच्या तक्त्यातली ती बारा वर्षं नुसती बघा.

परिस्थितीवर किती अवलंबून असतं तेही याच नोंदींत दिसतं. १९४७ मध्ये समितीच्या निषेधासाठी कलाकारांचं एक विमान वॉशिंग्टनला गेलं. त्यात हम्फ्री बोगार्ट होता आणि मार्शा हंटही होती. बोगार्टने पुढच्या वर्षी मासिकात लेख लिहून आपण कम्युनिस्ट नसल्याचं जाहीर केलं आणि त्याचं काम अखंड चालू राहिलं. मार्शाने ते जाणं चुकलं असं म्हणायला नकार दिला. ती कधीच कम्युनिस्ट नव्हती, पन्नासच्या आसपास चित्रपट तिच्या नावावर होते, आणि 'रेड चॅनेल्स'नंतर तिची कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मोठ्या नायकावर स्टुडिओचे लाखो डॉलर अडकलेले असतात, त्याला वाचवायला वकील धावतात. सहायक नटीच्या जागी दुसरी उभी करायला दुपार पुरते.

रंगभूमी मात्र पूर्ण बंद झाली नव्हती. ब्रॉडवेवर निर्माते पुष्कळ आणि सुटे, साबणवाला प्रायोजक नाही, आणि न्यूयॉर्कचा प्रेक्षक या बाबतीत निबर. ॲन रिव्हिअरने १९६० मध्ये तिथे टोनी पुरस्कार मिळवला. म्हणून कुणाची पोकळी मोजताना चित्रपटांच्या शेजारी नाटकांचा रकाना आखायला विसरू नका. गेलच्या तक्त्यात तिथेही फार काही नाही. १९५४ च्या 'सॉल्ट ऑफ द अर्थ'मध्ये, नवऱ्याच्याच चित्रपटात, मुख्य भूमिका तिने करावी असा आधी विचार होता. पण कथा न्यू मेक्सिकोतल्या मेक्सिकन वंशाच्या खाणकामगारांच्या बायकांची, त्यामुळे ती मेक्सिकोच्या रोझाउरा रेव्हुएल्तासला दिली. चित्रीकरण चालू असतानाच रोझाउराला पारपत्रातल्या त्रुटीवरून अटक झाली आणि तिला मायदेशी परतावं लागलं. १९६५ मध्ये गेलने न्यूयॉर्कमध्ये एकपात्री प्रयोग केला. मग १९६९ चा 'स्लेव्ह्ज', तोही बीबरमनचाच, आणि तेव्हा ती सत्तरीची.

थोडक्यात, मित्रासमोर बोलताना एवढं धरून ठेवा: वयाने तिच्या भूमिका बदलल्या, १९४७ पासून नवऱ्यामुळे कामं घटली, १९५१ मध्ये जबानी नाकारल्याने दार बंद झालं.

आता आपल्याकडचं. अभिनेत्रीचं अगदी समांतर उदाहरण मी देणार नाही, ओढूनताणून होईल. पण एक विरोधाभास सांगते. १९४९ मध्ये बलराज साहनींना कम्युनिस्ट मोर्चाच्या प्रकरणात मुंबईत अटक झाली, तेव्हा 'हलचल'चं चित्रीकरण चालू होतं. निर्माते के. असिफ यांनी परवानगी मिळवली आणि साहनी पोलीस बंदोबस्तात तुरुंगातून स्टुडिओत येऊन काम करत, संध्याकाळी कोठडीत परत. भूमिका कसली, तर तुरुंगाधिकाऱ्याची! इथे नट तुरुंगात होता आणि काम चालू होतं. तिकडे गेल स्वतःच्या घरात होती, मोकळी.

तिचं काम कुठून बघायला सुरुवात करू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. 'द लेटर' बघा, १९४० चा. आमच्या फिल्म सोसायटीत तो दाखवला तेव्हा चहाच्या वेळी एका आजींनी नायिका बेटी डेव्हिसबद्दल चकार शब्द काढला नाही. "ती दुसरी बाई पुढे कुठे गेली?" एवढंच विचारलं. गेल त्यात खून झालेल्या माणसाच्या विधवेच्या भूमिकेत आहे आणि तिच्या तोंडी इंग्रजी संवाद जवळजवळ नाहीतच. पत्र विकत घ्यायला आलेल्या डेव्हिसच्या हातात ती ते देत नाही, जमिनीवर टाकते आणि ती वाकून उचलेपर्यंत वरून बघत राहते. तिथे डेव्हिसकडे बघू नका.